लिटल हॅटीचे भागधारक

हात वाळवायच्या यंत्राचा गरम झोत बोटांवर घेता घेता मी सहज मान वर केली, तर समोर भिंतीवर लिटल हॅटी. काचेत बसवलेली, साबणाच्या बाटलीच्या बरोबर वर टांगलेली. साउथ ब्रॉडवेवर जुन्या सामानाची दुकानं उठून हल्ली कॉफीची दुकानं बसतायत, त्यातल्याच एका नव्या दुकानाच्या संडासात मी उभी होते. भिंतभर सोन्याच्या खाणींचे जुने शेअर लटकवले होते, पण आत शिरताना मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. असली सजावट डेन्व्हरमध्ये पैशाला पासरी झालीय. डोंगरात सोनं निघालं तेव्हा ज्याच्याकडे फावडं होतं त्याने खड्डा खणला आणि ज्याच्याकडे नव्हतं त्याने कंपनी काढली, असं माझे आजोबा म्हणायचे. त्या कंपन्यांचे कागद अजून पेट्याच्या पेट्या सापडतात. लिटल हॅटी मात्र तशी सापडत नाही. मधोमध फ्रॉक घातलेली, हातात कंदील धरलेली सात-आठ वर्षांची मुलगी, वर कमानीत कंपनीचं नाव, खाली दोन सह्या. हे कागद जगात कितीसे उरलेत आणि कुणाकडे आहेत हे मला पाठ आहे. समोरच्या कागदाच्या डाव्या कोपऱ्यात टाचणीच्या गंजाचा तपकिरी ठसा होता, आणि सहीपाशी सांडलेला शाईचा थेंब पुसताना कुणाचा तरी अंगठा उमटला होता. तो अंगठा मी कुठेही ओळखेन. तो कागद ऑल्डन रास्कचा. यंत्र आपोआप बंद झालं आणि मी अर्धवट ओल्या हातांनी तशीच उभी राहिले.

ऑल्डन माझा कोण, हे सांगणं जरा अवघड आहे. नवरा नव्हे. नवरा होता तो वेगळा, तो जाऊन जमाना झाला आणि गेला ते बरंच झालं. ऑल्डन आमच्या कंपनीचा अध्यक्ष आणि मी सेक्रेटरी. लिटल हॅटी गोल्ड मायनिंग अँड मिलिंग कंपनी १८९६ साली व्हिक्टर गावाच्या वरच्या अंगाला निघाली आणि बघता बघता बसली. शेअर छापले दहा लाख, खड्डा खणला सत्तर फूट, आणि निघालेल्या सोन्यात एक दातसुद्धा मढला नसता. पण तिचे कागद कुणी भोकं पाडून रद्द केले नाहीत, तेवढीही तसदी कुणी घेतली नाही. जुन्या कागदांच्या बाजारात फिरणारे आम्ही सहा जण, सगळ्यांकडे हॅटीचे कागद होते. एकदा कुणीतरी, बहुधा ऑल्डननेच, म्हटलं की मग आपण मालकच की, सभा घ्यायला काय हरकत आहे. झालं. तेव्हापासून दर ऑगस्टात व्हिक्टरच्या एका खानावळीत, मागच्या टेबलावर, आमची वार्षिक सभा भरते. नियम एकच, पण कडक: ज्याच्यापुढे टेबलावर हॅटीचा कागद नाही त्याने टेबलाशी बसायचं नाही. एका वर्षी आमच्यातला दातांचा डॉक्टर कागद घरी विसरून आला, तर त्याला काउंटरवर एकट्याला जेवायला लावलं होतं, आणि तोही मुकाट्याने जेवला. अध्यक्ष विचारतो, यंदा सोनं सापडलं का. खजिनदार उठून सांगतो, अजून नाही. मग लाभांश जाहीर होतो, माणशी ऍपल पायचा एक तुकडा. सहांतले तिघे आता वर गेले. उरलो तिघे: ऑल्डन, मी आणि खजिनदार क्लेतो आर्चुलेता, जो प्वेब्लोला लोकांचे केस कापतो आणि कापता कापता अब्रूही.

मी बाहेर काउंटरवर येऊन मालकाला विचारलं. दंडावर ट्राउट मासा गोंदवलेला, दाढी नीट विंचरलेली, आवाज गोड.

"संडासातला तो मुलीचा कागद विकायचाय का?"

"ते सजावटीचं आहे, मॅडम."

"आणला कुठून?"

"गोल्डन गावात एक बाई वडिलांचं घर आवरत होती. आख्खी पेटीच दिली तिने. म्हणाली, बाबांना नकोयत आता."

"वडील आहेत ना?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"आहेत की. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. तिकडे बघतसुद्धा नव्हते."

कॉफी माझ्यापुढे निवत गेली. ऑल्डनची मुलगी मारित दूर वाळवंटात, टुसॉनला असते, तिथे कॅक्टस आहेत आणि पोहण्याचे तलाव आहेत आणि बर्फ नाही. ऑल्डनने सगळा जन्म रस्ते खात्याची बर्फ सारणारी गाडी चालवली. थंडीत घाटातून उतरणाऱ्या ट्रकवाल्यांना रस्ता दिसायचा तो त्याच्यामुळे. असा माणूस टुसॉनला काय करणार, वाळू सारणार? पण घर आवरतात ते जायचं म्हणूनच. हे सगळं मला एका परक्या मिशीवाल्याकडून कळावं, मिशी नव्हे दाढी, कोण जाणे, मला त्या क्षणी काही धड दिसत नव्हतं. एवढी वर्षं त्याने घेतलेला प्रत्येक नवा कागद आधी मला फोनवर वाचून दाखवला होता, त्यावरचं चित्र कसं आहे, सही कुणाची, घड्या किती. आणि देताना एक शब्द नाही. माझं त्याच्यावर प्रेम आहे, हे मला वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी एका संडासात कळलं. कुणाला सांगायची सोय नाही.

आणि मग मार्चमधलं ते कार्ड आठवलं. माझ्या वाढदिवसाला ऑल्डनचं कार्ड दर वर्षी येतं, आत एक ओळ, खाली सही. यंदा ओळ छापील होती आणि खाली नुसतं नाव. मी उभा जन्म बँकेत चेकवरच्या सह्या ताडून पाहण्यात घालवला. माझ्या टेबलावरून खोटी सही पुढे सरकली असं एकदाही झालं नाही, निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी तसं चारचौघांत सांगितलंही. पुढे कागदांच्या छंदातही मला हाच मान मिळाला. कुणाला एखाद्या खाणमालकाच्या सहीची शंका आली की, आयोनी पॅस्कोला दाखव, म्हणायचे. तर कार्ड आलं त्या संध्याकाळी मी ते दिव्याखाली धरलं आणि भिंग काढलं. ऑल्डनचा 'ए' उंच असतो, डावीकडे जरा कललेला, वाऱ्यात उभ्या माणसासारखा. कार्डावरचा 'ए' बुटका आणि फुगलेला. 'एल' त्याच्यावर चढलेला. शेवटचं अक्षर रेघ सोडून खाली घसरलेलं. हात जागोजागी थबकलेला, आणि थबकलेला हात म्हणजे नक्कल करणारा हात, हे बँकेत पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी निकाल दिला: ही सही त्याची नाही. मारितने बापाच्या वतीने कार्ड आणलं, बापाच्या वतीने सही ठोकली. मला त्याचा इतका राग आला की आभाराचा फोनही मी केला नाही. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला तेव्हा हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. तो काहीतरी सांगणार होता का? एक मोठा श्वास घेतल्यासारखं ऐकू आलं होतं खरं. मी म्हटलं, ओव्हनमध्ये काहीतरी आहे. ओव्हनमध्ये काही नव्हतं.

हे डोक्यात घोळत असताना मी उठून घरी गेले, आणि तासाभरात परत त्याच दुकानात आले, काखेत चौकट घेऊन. छंद असलेल्या माणसाची अक्कल अशा वेळी नेमकी फिरायला जाते. माझ्याकडे एक कागद होता, माझ्या सगळ्या कागदांचा राजा. पोलादी पत्र्यावर कोरून छापलेला, न्यूयॉर्कचं काम, चित्रात वाफेचं इंजिन डोंगरातून येतंय आणि एका खडकावर पदर सावरत देवी बसलीय. असे कागद कसे ओळखायचे हे मला ऑल्डननेच शिकवलं. पहिल्यांदा भेटलो तेव्हा, जत्रेच्या मैदानावरच्या कागदांच्या बाजारात. मी त्या वेळी आजोबांची एक पिशवी विकायला गेले होते, खाणीने पगाराऐवजी दिलेले शेअर त्यात होते. तो म्हणाला, "विकू नकोस. आधी डोळे मीट." मी कुणाच्या सांगण्यावरून डोळे मिटणाऱ्यांतली नव्हे, पण मिटले. त्याने माझं बोट धरून कागदावरून फिरवलं. कोरीव छपाईची शाई वर उचललेली असते, बोटाला बारीक बारीक रेघा लागतात. "ही देवीची ओढणी," तो म्हणाला. मग दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं. गुळगुळीत, काही नाही. "हा शिळाछाप. ज्या कंपनीकडे छपाईलाही पैसे नाहीत तिचा." मी पिशवी घेऊन तशीच घरी आले. तर तो इंजिनवाला राजा मी दाढीवाल्यापुढे ठेवला आणि म्हटलं, याच्या बदल्यात संडासातली मुलगी दे. आपण फसवले जातोय का असा त्याला संशय आला, कारण माझा कागद दुप्पट मोठा होता. हात दाखवून अवलक्षण ते हेच. पण हॅटी माझ्या काखेत आली आणि मला हलकं वाटलं. दुष्टपणाने हलकं वाटलं, हेही सांगून टाकते. शनिवारी सभा होती. हा कागद त्याच्यापुढे ठेवून सगळ्यांदेखत विचारायचं मी ठरवलं होतं, ओळखतोस का. सगळ्यांदेखत म्हणजे क्लेतोदेखत.

मधले दिवस मी फोनपाशी घुटमळले आणि फोन केला नाही. शुक्रवारी पेस्ट्या, म्हणजे मोठ्या भाजक्या करंज्या केल्या, आईच्या पद्धतीच्या, आत गोमांस, बटाटा आणि सलगम, कडेला जाड दुमड. खाणीत उतरलेल्या माणसाने काळे हात त्या दुमडीला लावायचे, आतलं खायचं आणि दुमड टाकून द्यायची, असं कॉर्नवॉलच्या खाणींतून इकडे आलेल्या आमच्या लोकांत होतं. ऑल्डन दुमडीसकट खातो. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी त्याला सांगितलं, अरे ती टाकायची असते. तो म्हणाला, कष्टाने दुमडलेलं मी टाकत नाही. माणसावर जीव जडायला एवढंसंही पुरतं, फक्त ते वेळेवर कळायला हवं. कडा दुमडताना मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. जायचं तर जा, पण सांगून जा. सांगून जायचं तर जाऊ नको. अशा भांडणात माझाच पराभव होत होता, कारण त्याच्या तोंडची वाक्यंही मीच रचत होते आणि ती नेहमीसारखी शहाणी निघत होती.

व्हिक्टरला पोचले तेव्हा उन्हात खाणीच्या मातीचे पिवळे ढीग गावावर नेहमीसारखेच ओणवे झाले होते. इतक्या उंचीवर गाडीतून उतरताना मला हल्ली जरा दम लागतो. खानावळीपुढे क्लेतोचा पिकअप ट्रक उभा होता आणि ऑल्डनची जुनी हिरवी गाडी कुठेच नव्हती. मी म्हटलं, आलाच नाही तो. छातीत एकदम मोकळी जागा झाली, खाणीत होते तशी, वर माणसं चालतायत आणि खाली काही नाही. आत गेले तर दोघंही मागच्या टेबलावर. म्हणजे तो क्लेतोच्या गाडीतून आला. घाटात बर्फ सारणारा माणूस, दुसऱ्याच्या गाडीत बसला की पाय आपोआप ब्रेक दाबतात म्हणणारा माणूस. क्लेतोपुढे त्याचा कागद होता. ऑल्डनपुढे टेबल रिकामं.

"या, सेक्रेटरीबाई," क्लेतो म्हणाला. "उशीर झाला. दंड म्हणून मोठी पेस्टी मला."

"तू आधीच दोन माणसांच्या जागेवर बसलायस."

"कंपनीचा खजिना पोटात सांभाळतो मी. चोरी होत नाही."

ऑल्डन हसला. माझ्या आवाजाच्या दिशेने हसला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. त्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, काउंटरवरच्या मोहरीच्या बाटल्यांवर. तोंड चुकवतोय, मी मनात म्हटलं. पेस्ट्या ठेवल्या, माझे कागद मांडले, आणि मग पिशवीतून ती चौकट काढून त्याच्या हातात दिली.

"ओळखतोस का बघ."

त्याने चौकट धरली, काचेवरून अंगठा फिरवला, मान कलती केली. "छान आहे," तो म्हणाला. "नवीन घेतलास? कुठली कंपनी?"

माझ्या तोंडाशी काय काय आलं होतं. चार दिवस घोटून ठेवलेली वाक्यं होती. पण मी त्याच्या हातांकडे पाहत होते, आणि त्याच्या हातात हॅटी डोकं खाली, पाय वर करून उभी होती. फ्रॉक घातलेली मुलगी कंदिलासकट उलटी, आणि तो तिच्याकडे कौतुकाने मान कलती करून बघतोय. क्लेतो खिडकीबाहेर पाहायला लागला. क्लेतो खिडकीबाहेर पाहतो म्हणजे काय ते मला माहीत आहे, तिघांच्या दफनाला तो असाच उभा होता.

कार्ड आठवलं. बुटका 'ए', त्यावर चढलेला 'एल', रेघ सोडून घसरलेलं शेवटचं अक्षर. जागोजागी थबकलेला हात. नकलेच्या सहीत हात का थबकतो, तर मूळ सहीकडे पुन्हा पुन्हा बघावं लागतं म्हणून. आणि हा हात थबकला होता तो आपण कुठवर आलो हे दिसत नव्हतं म्हणून. त्याने कार्ड स्वतः घेतलं असेल, स्वतः टेबलाशी बसला असेल, बोटाने जागा चाचपली असेल, आणि माझ्या वाढदिवसाला आपलं नाव काढलं असेल. आणि मी भिंग लावून त्याला खोटं ठरवलं. जन्मभर परक्यांच्या सह्या पारखल्या आणि माझ्या माणसाची एक सही मला ओळखता आली नाही. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"ऑल्डन," मी म्हटलं, "ती उलटी धरलीयस तू."

त्याने चौकट हळूच टेबलावर पालथी ठेवली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ख्रिसमसच्या आधीपासून. मधलं गेलंय, आयोनी. कडा शाबूत आहेत. डॉक्टर म्हणतो, पूर्ण अंधार होणार नाही, पण मधलं काही परत येत नाही."

"मधलं म्हणजे?"

"म्हणजे ज्याच्याकडे बघावं ते दिसत नाही, त्याच्या शेजारचं दिसतं. तुला पाहायचं तर मला क्लेतोकडे बघावं लागतं."

"आणि ते काही सुखाचं नाही," क्लेतो खिडकीकडे तोंड करूनच म्हणाला.

"तुला सांगितलं त्याने," मी क्लेतोला म्हटलं. मत्सर वाटला तो वाटलाच.

"सांगितलं नाही. दाढी करायला आला आणि खुर्ची समजून माझ्या मांडीवर बसला. तेव्हा कळलं."

ऑल्डन पुन्हा हसला, पण थोडंसंच. "तुला सांगायला फोन केला होता," तो म्हणाला. "तू म्हणालीस ओव्हनमध्ये काहीतरी आहे."

"काही नव्हतं ओव्हनमध्ये."

"मला वाटलंच. वास कसा येईल फोनवरून, पण मला वाटलं." त्याने टेबलाची कड चाचपली. "शिळाछाप सगळे देऊन टाकले. त्यांचं बोटाला काहीच लागत नाही. कोरीव आहेत ते पंधरा-वीस ठेवले, संध्याकाळी काढून बसतो. पण हॅटी... हॅटी छापणाऱ्याने शाईसुद्धा उधार घेतली असणार. मी बोट फिरवून फिरवून पाहिलं. नुसता कोरा कागद. पेटीत राहिली तर रोज हात जाईल आणि रोज काही लागणार नाही, म्हणून मारितला म्हटलं, तीही टाक."

बोलले असते तर रडले असते, आणि या खानावळीत मी आजवर फक्त हिरव्या मिरचीच्या रश्शाने रडलेय.

"तेव्हा आता मी भागधारक नाही," ऑल्डन म्हणाला आणि खुर्ची मागे सरकवली. "नियम तो नियम. मी काउंटरवर बसतो. डॉक्टर बसला होता तसा."

"खाली बस," मी म्हटलं. "क्लेतो, तुझा चाकू दे."

क्लेतोने खिशातला चाकू उघडून दिला. मी चौकटीच्या मागचे खिळे उचकले, पुठ्ठा काढला, कागद बाहेर घेतला आणि पालथा केला. आमच्या कागदांच्या पाठीवर एक मजकूर छापलेला असतो, हे शेअर मी अमक्याला दिले, आणि नावाची जागा मोकळी असते. याच्या पाठीवर शंभर वर्षांपूर्वी कुणा लव्हिनिया प्रॉस्टने सही केली होती आणि कुणाला दिले ते लिहिलं नव्हतं. असा कागद ज्याच्या हातात तो मालक. मी त्या मोकळ्या जागेत पेनाने लिहिलं, ऑल्डन रास्क. जुन्या कागदावर पेन चालवणं म्हणजे आमच्यात महापाप. क्लेतोने श्वास आवरला तो मला ऐकू आला.

"काय केलंस?" ऑल्डनने विचारलं.

"त्यावर तुझं नाव घातलंय. शाईने. आता हा विकायला गेलास तरी कुणी घ्यायचा नाही." मी कागद सुलटा करून त्याच्यापुढे ठेवला. "हॅटी आहे ही. तुझीच. डोकं वर, पाय खाली. सभा सुरू कर."

त्याने तळहात कागदावर ठेवला. बराच वेळ ठेवला. खानावळीतली बाई कॉफी ओतून गेली. मग त्याने घसा साफ केला, आणि मला वाटलं नेहमीचा प्रश्न विचारील. पण तो म्हणाला, "मी भागधारक झालो असेन तर माझा एक ठराव आहे. कंपनी विसर्जित करावी. मंगळवारी मारित ट्रक घेऊन येतेय. सामान बांधून झालंय. तिघांतला एक टुसॉनला गेला तर उरलेल्या दोघांनी दर वर्षी इथे येऊन एकमेकांची तोंडं बघायची, हे काही बरं नाही. आणि मला न दिसणारी कंपनी मी चालवायची कशी?"

"अनुमोदन?" क्लेतोने विचारलं आणि स्वतःच मान हलवली. "माझं नाही. मी तटस्थ. मी पेस्टी खातोय."

"मतं मोज," ऑल्डन म्हणाला. "आयोनी, तुझं काय?"

त्याने विचारलं ते उगाच, रीत म्हणून. इतक्या वर्षांत मी त्याच्या एकाही ठरावाविरुद्ध गेले नव्हते. पायऐवजी आइस्क्रीम द्यायचा ठराव त्याने मांडला तेव्हासुद्धा, आणि थंड खाऊन माझे दात शिवशिवतात. माझ्यापुढे माझे कागद होते, आजोबांच्या पिशवीतले आणि नंतर मी एकेक करून जमवलेले. तिघांत सर्वांत जास्त शेअर माझे.

"विरोध," मी म्हटलं.

"विरोध?"

"माझे सगळे शेअर विरोधात. ठराव पडला. आणि न दिसण्याचं म्हणशील तर या कंपनीत सोनं कुणाला दिसलं होतं, ऑल्डन? शंभर वर्षांत एकाला तरी? कंपनी त्यावाचून चाललीच ना?"

क्लेतो चावायचा थांबला. ऑल्डनच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट पाहता आलं नाही, माझंच मधलं जरा धूसर झालं होतं. मी तशीच पुढे बोलत राहिले, थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता. "सेक्रेटरी म्हणून मी तातडीची सभा बोलावतेय. सोमवारी. डेन्व्हरला, माझ्या घरी. मागची खोली रिकामी आहे, खिडकी पूर्वेला आहे, बसचा थांबा दारात आहे, आणि मला जुने कागद मोठ्याने वाचायची सवय आहे. चित्रात काय आहे तेही सांगते मी."

"सोमवारी," ऑल्डन हळू म्हणाला. "विषय?"

"एकच. अध्यक्षांनी राहायचं कुठे."

"मी येऊ का?" क्लेतोने विचारलं.

"तुझं दुकान असतं सोमवारी."

"सोमवारी न्हाव्यांना सुट्टी असते, आयोनी. अख्ख्या कोलोरॅडोत असते."

"यंदा नसते."

ऑल्डनने कागदावरचा तळहात उचलला आणि टेबलाच्या कडेने चाचपत माझ्या बाजूला आणला. "आणि कोरमचं काय?" त्याने विचारलं. "किती जण लागतील?"

"दोघं पुरे."

त्याने मान वळवली, आणि क्लेतोकडे तोंड करून कितीतरी वेळ मला बघत राहिला.